परतीच्या विमानात एक माणूस कमी

सोलापूर, ८ जुलै

अहो,

मी पोचले. एकटी. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दोन मोठ्या बॅगा ओढत तीन विमानतळ पालथे घातले, त्यातली एक बॅग तुमच्या कपड्यांची. तुम्ही अंगावरच्या स्वेटरनिशी त्या तळ्याकाठी राहिलात आणि तुमचे इस्त्रीचे शर्ट मी अर्धं जग फिरवून परत कपाटात ठेवले. शरण तुम्हाला दोन जोड पाठवले म्हणतो. मिळाले असतील तर कळवा, नसतील तर थंडीत कुडकुडा. मी काय करणार.

तिथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्राचं खूळ. मी कागदावर लिहिणार, फोटो काढून तिकडे परदेशी अँकरेजला शरणला पाठवणार, तो छापून पायलटकडे देणार आणि पायलट आठवड्याच्या फेरीत तुमच्या हातात ठेवणार. म्हणजे बायकोनं नवऱ्याला दोन शब्द लिहायचे तर मधे आपला मुलगा, एक छपाईयंत्र आणि एक गोरा. शरण, तू हे वाचतोयस ते मला माहीत आहे. वाचू नकोस असं म्हणणार नाही, कारण तू वाचणारच. पण अक्षताला वाचून दाखवू नकोस. सासूची अब्रू सुनेसमोर थोडी तरी राहू दे.

स्टेशनवर ओळखीच्या रिक्षावाल्यानं बॅगा उचलायच्या आधी विचारलं, "मालक कुटं हायती?" मी म्हटलं, येतील मागून. घरी येऊन कुलूप काढते तोच अक्कलकोटहून तुमच्या अक्कांचा फोन. चंद्रव्वाअक्कांना कोण बातम्या पुरवतं देव जाणे.

"अय्य, चन्नूला तितं सोडून आलीस व्हय? छत्री इसरल्यागत?"

मी म्हटलं, अक्का, छत्री स्वतःहून हात वर करत नाही.

मी सगळ्यांना खरं तेच सांगते. शरणनं हौसेनं आपल्या चौघांसाठी ते पाण्यावर उतरणारं छोटं विमान ठरवलं. हिमनद्या बघायच्या, जंगलातल्या तळ्यावर उतरायचं, तिथल्या म्हातारा-म्हातारीच्या लॉजवर जेवायचं आणि दिवस असतानाच परत. जेवणं झाली, वारा फिरला, आणि पायलट म्हणाला, तळं लहान आहे, एवढ्या वजनानं विमान वर उठायचं नाही. एकानं थांबावं, उद्या सकाळी येऊन नेतो. असं म्हणताना त्यानं माझ्या कडक भाकरीच्या पिशवीकडे पाहिलं, तेही मी पाहिलं. शरण तुमच्या कानाशी तोंड नेऊन हे ओरडून सांगत होता, आणि त्याचं सांगून संपायच्या आत तुमचा हात वर. इतक्या तत्परतेनं तुम्ही आयुष्यात कधी काही केलेलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी विमान रिकामं परत आलं. सोबत चिठ्ठी, "मी इथे थोडे दिवस राहतो. तुम्ही काळजी करू नका."

आता इकडची खबर. एमआयडीसीत आपल्या युनिटवर जाऊन आले. माग चालू आहेत, पण सुताच्या गाठी कुठे उतरवायच्या, कुठली चादर आधी काढायची, सगळं तुमच्या डोक्यात. माग दुरुस्त करणारा जॉबर सिद्धराम मला विचारतो, "वैनी, मालक कवा येनार? आमी कुनाला इचारायचं?" मी त्याला म्हटलं, मलाच विचार. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पायलट म्हणाला होता ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. त्याचं विमान सप्टेंबर संपेपर्यंतच त्या तळ्यावर येतं. पुढे पाण्यावर बर्फ धरतो, आणि तुमच्या व्हिसाचेही दिवस भरत येतात. तुम्ही त्याआधी येणार आहात की नाही, एवढं एक कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

महानंदा


सोलापूर, २७ जुलै

अहो,

"बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल" हे मी रागानं लिहिलं होतं. तुम्ही ते आज्ञेसारखं पाळलंत आणि वर जे विचारलं होतं तेही लिहिलं नाहीत. तुमचं पत्र शरणनं फोटो काढून पाठवलं. चार ओळी. "मी बरा आहे. लाकडं फोडतो. मासे खात नाही म्हणून म्हातारी बटाटे उकडून देते. इथे फार शांत आहे."

फार शांत आहे. अहो, मग मी काय ढोल बडवत होते का घरात? उभा जन्म तुम्ही मागांच्या खडखडाटात काढलात. तो आवाज कान खाऊन गेला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कानात मशीन बसवा. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक काय म्हणेल, मालक म्हातारा झाला. बरं, नका बसवू. पण मग जो माणूस काही ऐकतच नाही त्याला शांतता बघायला सातासमुद्रापार कशाला जावं लागतं, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी सिद्धेश्वराच्या देवळात उभी राहून देवालाही हेच विचारलं. श्रावणाचा सोमवार, रांग लांब, मागची बाई ढकलतेय, आणि मी गाभाऱ्यासमोर तुमच्यावर चिडलेली.

घर खायला उठतं वगैरे मी लिहिणार नाही. घर चांगलं आहे. टीव्हीचा आवाज आता माणसाच्या कानाला झेपेल इतका असतो. शेजारच्या भुवनेश्वरीबाई परवा म्हणाल्या, "तुमच्याकडं लई शांत झालंय हो, कोन नाही का घरात?" त्यांना म्हटलं, मी आहे की.

नवी पेठेत टॉवेलच्या दुकानदारानं विचारलं. मठातल्या स्वामींनी विचारलं. अक्कांनी तर एक गोष्टच रचली आहे की तिथे कुठलीशी मड्डम आहे. मी सांगितलं, मड्डम सत्तरीपुढची आहे, तिला नवरा आहे, कुत्रा आहे, आणि ती बटाटे उकडते. अक्का म्हणाल्या, "बटाट्यावरनंच सुरू हुतंय की सगळं."

तुम्ही पूजा करता ना? गळ्यातलं लिंग आहे ना जागेवर? त्या थंड पाण्यात अंघोळ करून छातीत कफ भरून घेऊ नका.

खरं सांगायचं तर तुम्ही तिथे का राहिलात ते मी शोधत बसते. भांडी घासताना ते सगळं विमान पुन्हा आठवतं. केवढंसं ते, आपल्या सात रस्ता चौकातल्या सहा आसनी रिक्षाएवढं, आणि तसंच आतून रॉकेलसारखा वास. आत बसलो तर गुडघे समोरच्याच्या पाठीत. पायलटनं सगळ्यांच्या डोक्याला ती मोठी काळी कानटोपी लावली, पुढे तोंडाशी माईक. मग ते पाण्यावरून आपटत आपटत वर गेलं आणि मी जे बोलायला लागले ते उतरेपर्यंत थांबले नाही. मला भीती वाटली की मी बोलते, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

खाली काय होतं ते मी नीट पाहिलंच नाही असं मला वाटायचं, पण आता दिसतं. रस्ता नाही. विजेचा खांब नाही. कितीही लांब नजर टाका, एक घर नाही, एक शेत नाही. बर्फाची ती नदी, मधे निळ्या भेगा, धुतलेल्या चादरीच्या निळीसारख्या. एका वाळूच्या पट्ट्यावर अस्वल उभं होतं आणि त्यानं मान वर करून आपल्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, हिते देवानं माणसं ठेवायची इसरली. आणि तुम्ही खिडकीला नाक लावून बसला होता, हलत नव्हता. मला वाटलं, झोप लागली.

तिथे तुम्हाला काय सापडलं? लिहा. चार ओळीत नको.

शरण, बाबांना नवा कागद दे. जुना संपला असेल म्हणून थोडं लिहितात की काय कोण जाणे.

महानंदा


सोलापूर, १६ ऑगस्ट

अहो,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं, मग देवघरात वाचलं, मग गच्चीवर जाऊन वाचलं. कुठेही वाचलं तरी मजकूर तोच.

"विमानात तू अक्षताशी बोललीस ते मी ऐकलं. त्या टोपीतून सगळं स्वच्छ ऐकू आलं. तू म्हणालीस, ह्यांच्याशी संसार म्हणजे भिंतीशी बोलणं. तू म्हणालीस, चार महिने हे कुठेतरी जाऊन राहिले तर माझ्या घशाला विश्रांती मिळेल. तळ्यावर जागा होती म्हणून राहिलो. रागानं नाही. तुझा आवाज अजून तसाच आहे."

ऐकू आलं. बारा वर्षांत घरातली बेल ऐकू आली नाही, कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, अक्कांच्या नातवाच्या बारशात पाळण्याचं गाणं ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं ते नेमकं हे. तेही आकाशात. आणि ऐकू आल्यावर तुम्ही काय केलंत? माझ्याकडे वळून म्हणालात का, की अगं, मला ऐकू येतंय, गप्प बस? नाही. खिडकीला नाक लावलंत. आता मला कळतंय अक्षता माझी मांडी का दाबत होती. मला वाटलं पोरीला भीती वाटतेय, म्हणून मी उलट तिचा हात थोपटत होते आणि पुढे बोलत होते.

मला काय स्वप्न पडलं होतं? तुमच्यासमोर आम्ही सगळे तुमच्याविषयी बोलतोच की. जेवताना शरण म्हणतो, बाबांची साखर वाढली. अक्का म्हणतात, चन्नू वाळला. सिद्धराम तुमच्या तोंडावर मला सांगतो की मालकांनी चुकीचं सूत घेतलं. तुम्ही मधे बसून भाकरी चुरता. कानाला काळ्या डबड्या लावल्या म्हणून बहिरा माणूस ऐकायला लागतो, हे आम्हाला कुठून सुचणार? चूक असेल तर ती घरातल्या सगळ्यांची आहे, एकट्या माझ्या डोक्यावर फोडू नका.

आणि ऐकलंत तर सगळं ऐकायचं होतं. मी असंही म्हणाले होते की ह्यांना खिडकीजवळ बसवा, ह्यांना बघायला आवडतं. ते ऐकलंत का? ते पत्रात नाही.

बायका असं बोलतात हो. तुम्ही चौकात उभं राहून सरकारला काय काय म्हणता, ते काय सरकार गेलं जंगलात? चार महिने हा बोलण्यातला आकडा आहे. त्यावरून कोणी लाकडं फोडायला बसत नाही.

तुम्ही म्हणता रागानं नाही. हेच मला सहन होत नाही. रागानं राहिला असतात तर मी भांडले असते, मला ते येतं. माझ्या घशाला विश्रांती मिळावी म्हणून राहिलात, तर मी आता कुणाशी भांडू?

गेले पंधरा-वीस दिवस मी रोज युनिटवर जाते. सूत आलं होतं, गाठी मोजून घ्यायला कोणी हवं होतं. सुरुवातीला तासाभरात डोकं उठायचं. सिद्धरामनं कानात घालायला कापूस दिला आणि स्वतः मात्र तसाच हिंडत होता. म्हटलं, तू का घालत नाहीस? तर म्हणाला, "आमचं काय राहिलंय वैनी त्यात." पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आले, पंखा बंद, टीव्ही बंद, आणि तरी कानात माग चालूच. उशीखाली डोकं घातलं तरी चालू. दूधवाला बेल वाजवून निघून गेला, मला कळलं नाही. तुम्हाला हे असं रोज होत होतं का? मला कधी बोलला नाहीत. तुमच्या "फार शांत आहे" वर मी एवढा जाळ केला, त्यातला थोडा मागे घेते. थोडाच.

त्या शेवटच्या ओळीबद्दल मी आत्ता काही लिहिणार नाही, कारण शरण वाचतोय. मागचं पत्र वाचून त्यानं फोन केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "अव्वा, तुम्ही दोघं नीट बोला ना." मी त्याला म्हटलं, तू मधून बाजूला हो, मग बोलू.

तळं गोठायच्या आत येणार की नाही? अजून उत्तर नाही.

महानंदा


सोलापूर, ४ सप्टेंबर

अहो,

हे पत्र शरणकडून येणार नाही. मी स्वतः हेड पोस्टात जाऊन तिकिटं लावून पाठवते आहे. काल तिकिटं किती लागतील ते विचारायला गेले, तर खिडकीवरच्या मुलीनं पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "काकू, हे गाव हाय का नुसतंच नाव?" मी म्हटलं, माणूस आहे तिथे एक. पाकिटावर शरणचा पत्ता आहे, पण आत चिकटवलेलं दुसरं पाकीट आहे आणि त्यावर तुमचं नाव मी स्वतः लिहिलं आहे. तुमचं नाव लिहिण्याची मला सवय नाही. दोनदा खोडलं.

तुमचं पत्र आलं. शेवटी विचारलंत, "मी येऊ का?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला काही विचारल्याचं आठवत नाही. माग विकत घेतलेत तेव्हा नाही, शरणला परदेशी पाठवलंत तेव्हा नाही, त्या तळ्यावर हात वर केलात तेव्हाही नाही. आणि आता हे विचारता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दिवसभर भांडी आपटली. मग लक्षात आलं की मला राग आलाय तो तुम्ही विचारलंत म्हणून नाही. तुम्हाला उत्तर माहीत नाही, म्हणून आलाय.

आता ती ओळ. तुझा आवाज अजून तसाच आहे. तसाच म्हणजे कसा? मला तर वाटत होतं माझा आवाज मंडईतल्या भाजीवालीसारखा झालाय. बघण्याच्या दिवशी तुमच्या अक्कांनी मला संतांचं एक वचन गायला लावलं होतं, आणि तुम्ही सतरंजीकडे बघत ऐकत होता. तो आवाज म्हणता का? मी तो विसरून गेले होते. तुमच्याकडे तो कुठेतरी होता आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीत, ह्याचंही भांडण मी काढणार आहे.

तुमचे कान गेले तशी मी ओरडायला लागले. पण सगळंच ओरडून सांगता येत नाही. गॅस संपला, हे ओरडता येतं. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा, हे येतं. मग हळूहळू आपल्या घरात तेवढंच बोलणं उरलं. बाकीचं मी अक्षताला सांगितलं, भुवनेश्वरीबाईंना सांगितलं, देवाला सांगितलं, आणि सांगता सांगता ते सगळं कुरकुरीचंच झालं. तुम्ही विमानात ऐकलंत ते हेच.

माझी अव्वा गेली तेव्हा घरात माणसं भरली होती. आपल्या रीतीप्रमाणे तिला बसवलं होतं, फुलं घालत होते, आणि तुम्ही बाहेर पायरीवर उभे होता. मला तुम्हाला म्हणायचं होतं, जवळ बसा. एवढंच. पण ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला मयताच्या घरात ओरडावं लागलं असतं. जवळ बसा, हे कोणी ओरडून सांगतं का? मी गप्प राहिले, आणि तुम्ही आपणहून आत आला नाहीत म्हणून पुढे कितीतरी दिवस तुमच्यावर रागावले. तुम्हाला वाटलं असेल पाणी आलं नाही म्हणून चिडली.

तर आता लिहिते. जवळ बसा. जेवताना ताटात बघू नका, माझ्याकडे बघा. संध्याकाळी युनिटवरून आलात की लगेच टीव्हीकडे जाऊ नका. मी एकटी झोपले की मधल्या खोलीचा दिवा चालू ठेवते, हे कोणाला माहीत नाही. मला तुमची आठवण येते आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या अस्वलाकडे तुम्ही कसे बघत होता ते मला आठवतं, आणि वाटतं, तसं माझ्याकडेही एकदा बघितलं असतंत तर काय बिघडलं असतं.

येऊ का, असं विचारलंत. या. कानाचं मशीन अँकरेजला बसवून या, शरणला मी सांगितलं आहे. डॉक्टर म्हणतात मशीननं भांड्यांचा आवाजही मोठा येतो, तो सहन करायचा. आणि मशीन बसलं तरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे जे इथे लिहिलंय ते तोंडावर बोलायला मला जमेल असं वाटत नाही. ऐकू येणाऱ्या नवऱ्याशी कसं बोलायचं ते मी विसरले आहे. तुम्ही स्टेशनवर उतरलात की मी पहिलं म्हणणार, एवढा वेळ का लागला, बॅग नीट धरा, मफलर कुठाय. ते ऐकून परत जंगलात जाऊ नका.

म्हणून जे आहे ते ह्या पत्रात आहे.

तुमची,
महानंदा


(शरणच्या फोनवर, त्याच संध्याकाळी)

शरण, हे छापून बाबांना या आठवड्याच्या विमानानं पाठव. बाकी काही विचारू नकोस.

अहो, पोस्टानं एक पत्र निघालं आहे. तीन आठवडे लागतील म्हणतात. शरणच्या घरी आलं की तो न उघडता तुमच्याकडे पाठवेल. शेवटचं विमान असेल तेव्हा असेल, पायलटनं एक फेरी जास्त मारावी अशी त्याला इंग्रजीत विनंती करायला मी शरणला सांगते. दोन महिने मी तुम्हाला या, या म्हणते आहे, ते सगळं आता बाजूला ठेवा. पत्र हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.